पुड्यावरचं ओके

ही गोष्ट एका स्वीडिश माणसाची आहे, पण मला ती सापडली आमच्या कोनमधल्या एका गाळ्यात. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कल्याणहून दुर्गाडीच्या पुलावरून खाडी ओलांडली की लगेच कोन लागतं. तालुका भिवंडी. माझ्या मामांचा तिथे फॅब्रिकेशनचा छोटा गाळा आहे. ग्रिल, जिने, गोडाऊनच्या शेडचे अँगल, शिवाय भिवंडीतल्या लूमवाल्यांची आणि सायझिंगवाल्यांची मोडतोड, असं मिळेल ते काम. सेकंड इयरची परीक्षा संपल्यावर मी महिनाभर तिथे राहिलो. त्याच सेमिस्टरला वेल्डिंगच्या ओरलला मला दहापैकी नऊ मार्क पडले होते. पी-नंबर म्हणजे काय, एफ-नंबर म्हणजे काय, ई ७०१८ मधल्या प्रत्येक आकड्याचा अर्थ काय, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं होतं. डोक्यात थोडी हवा गेली होती, हे कबूल करतो.

जूनचा पहिला पाऊस पडून गेला होता. मामा माल आणायला कल्याणला गेलेले. तेवढ्यात एका सायझिंगवरून दोघेजण एक मोडलेली फ्रेम घेऊन आले. सुताचे बीम चेन-पुलीने उचलायची ती फ्रेम. तिची आडवी सळई तुटली होती आणि त्यांना ती संध्याकाळपर्यंत हवी होती. मी म्हटलं, हे तर आपलंच काम! भंगारातून त्याच जाडीची एक गोल सळई शोधली. काळी, गंजलेली, म्हणजे एम.एस.च असणार. खिडकीशी फोडून ठेवलेल्या पुड्यातले तेरा नंबरचे रॉड घेतले आणि दिलं वेल्डिंग मारून. काय सांगू, माळ इतकी सुरेख बसली की स्लॅग आपोआप सुटून आला. वरून रेड ऑक्साइडचा हात मारला आणि फ्रेम पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सळई तुटली. वेल्डमध्ये नाही, वेल्डच्या अगदी कडेने. उचललेला बीम धाडकन खाली आला. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा पाय वीतभर लांब होता म्हणून वाचला.

मामांनी जाऊन माफी मागितली, नुकसान भरून दिलं आणि परत आल्यावर मला भरपूर झापलं. मग तुटलेला तुकडा ग्राइंडरला लावला. ठिणग्या जवळजवळ लगेच फुटत होत्या, एकेका ठिणगीला चार-चार फाटे, दिवाळीच्या फुलबाजीसारखे. नंतर त्यांनी एम.एस.च्या पट्टीचा तुकडा लावला. त्याच्या ठिणग्या लांबलचक, सरळ, क्वचित एखादा फाटा. मला कळायचं ते कळलं. मी ज्याला एम.एस. समजलो होतो त्यात कार्बन बराच जास्त होता. बहुतेक जुन्या शाफ्टचा तुकडा, ईएन-८ सारखं काहीतरी. नऊ मार्क घेतलेल्या पोराने सळईला विचारलंच नव्हतं, की बाई तू कोण?

त्याच दिवशी मान खाली घालून गाळा झाडत असताना फळीवरचा एक जुना खोका हातात आला. मामा त्यात खडू, पंच आणि स्क्राइबर ठेवतात. खोका मूळचा वेल्डिंग रॉडचा. त्यावर रॉडच्या नंबराआधी दोन अक्षरं छापलेली : ओके. लहानपणापासून मी समजत आलो होतो, की माल तपासला, ओके आहे, म्हणून ती अक्षरं. मामाही तेच समजायचे.

हॉस्टेलवर परतल्यावर लायब्ररीत वेल्डिंगचं एक जाडजूड हँडबुक काढलं. आपलं कुठे चुकलं ते शोधायला. त्यातल्या इतिहासाच्या पानावर कळलं, की ओके म्हणजे तपासणीचा शिक्का नाही. ती एका माणसाच्या नावाची आद्याक्षरं आहेत. ऑस्कर शेलबेरी. स्पेलिंग बघून आपण केजेलबर्ग वाचतो, पण स्वीडिश उच्चार शेलबेरीच्या जवळ जातो.

*

ऑस्कर शेलबेरींचा जन्म २१ सप्टेंबर १८७० रोजी स्वीडनच्या पश्चिमेला, नॉर्वेच्या सीमेपासून जवळ असलेल्या आर्विका इथे झाला. ते काही विद्यापीठातले प्रोफेसर नव्हते. यंत्रांचं काम शिकले, जहाजावरच्या इंजिनिअरची परीक्षा पास झाले आणि काही वर्षं वाफेवर चालणाऱ्या जहाजांवर नोकरी केली. म्हणजे बॉयलर, कोळसा, वाफ आणि गळती यातच त्यांची उमेदीची वर्षं गेली.

यातली गळती फार महत्त्वाची. त्या काळातला बॉयलर रिव्हेटचा असायचा. पोलादाच्या पत्र्यांच्या कडा एकमेकींवर चढवायच्या, भोकं पाडायची, लालभडक रिव्हेट घालून ठोकायचे आणि मग सांध्याची कड ठोकून ठोकून बंद करायची. बॉयलर तापतो, फुगतो, थंड होतो, आकसतो. असं हजारदा झालं की सांधे सैल होतात आणि वाफ फुसफुसायला लागते. ती बंद करायची तर जहाज धक्क्याला लावून रिव्हेट काढा, नवे ठोका. दिवसच्या दिवस वाया. वाफेचा एक दिवस बंद पडला तर काय होतं ते आमच्या भिवंडीतल्या कुठल्याही सायझिंगवाल्याला विचारा. सिलिंडर थंड, तर खळ लावलेलं सूत वाळणार कसं?

तेव्हा इलेक्ट्रिक वेल्डिंग नव्हतं असं नाही. रशियन साम्राज्यातल्या निकोलाय बेनार्दोस यांनी १८८१ च्या सुमारास कार्बनच्या कांडीने आर्क पेटवून धातू जोडून दाखवला होता. त्यांच्याच देशातल्या निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी १८८८ मध्ये कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली, म्हणजे जी आर्क देते तीच वितळून भरही घालते. अमेरिकेत चार्ल्स कॉफिन यांना १८९० मध्ये तशाच पद्धतीचं पेटंट मिळालं. या पद्धतीने बॉयलरचे गळके सांधे भरण्याचे प्रयोग चालू होते आणि शेलबेरींनी ते जवळून पाहिले. निकाल चांगले नव्हते. भरलेला सांधा सच्छिद्र निघे, ठिसूळ निघे, थोड्या दिवसांत पुन्हा तडकत असे.

का? आज आपण हे दोन ओळींत लिहून मार्क मिळवतो. उघड्या लोखंडी तारेची आर्क हवेत जळते. वितळलेलं पोलाद हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन पिऊन घेतं. ऑक्सिजनने भोकं पडतात, नायट्रोजनने धातू ठिसूळ होतो. शिवाय आर्क स्थिर राहत नाही, सारखी विझते. आणि बॉयलरचा सांधा काही टेबलावर मांडलेला नसतो. तो उभा असतो, डोक्यावर असतो, आत वाकून गाठावा लागतो. उघड्या तारेचा थेंब तिथे चिकटण्याऐवजी वेल्डरच्या बाहीत पडतो!

शेलबेरींनी गोथेनबर्ग या बंदराच्या शहरात प्रयोग करायला सुरुवात केली. तिथे गोदी होत्या, दुरुस्तीला आलेली जहाजं होती, म्हणजे गळक्या सांध्यांना तोटा नव्हता. १९०४ च्या सप्टेंबरात त्यांनी कंपनी काढली. तिच्या लांबलचक स्वीडिश नावाचा अर्थ इतकाच, की इलेक्ट्रिक वेल्डिंग कंपनी. त्या नावाचं लघुरूप म्हणजे एसाब. होय, आपल्या वर्कशॉपमध्ये आपण ऐकतो तेच एसाब! तेव्हा ते ३४ वर्षांचे होत होते.

खरी गंमत पुढे आहे. बाकीचे लोक तारेच्या लोखंडाकडे बघत होते. शेलबेरींनी तारेच्या बाहेर काय लावता येईल ते पाहिलं. कार्बोनेट आणि सिलिकेट यांच्या घट्ट लगद्यात लोखंडी तार बुडवायची आणि वाळू द्यायची, इतकी साधी कल्पना. २९ जून १९०७ या तारखेचं त्यांचं स्वीडिश पेटंट याच लेप दिलेल्या इलेक्ट्रोडचं आहे. मेणबत्ती करताना दोरा मेणात बुडवतात तसंच काहीसं. पण या लगद्याने वेल्डिंगचं नशीब बदललं.

लेप काय करतो ते एकदा नीट बघू या, कारण पुढची सगळी वर्गवारी त्यावर उभी आहे. आर्कच्या उष्णतेने लेप जळतो आणि त्याचा वायू वितळलेल्या धातूभोवती पडदा धरतो. हवा बाहेर राहते. लेपातली खनिजं वितळून स्लॅग होते, ती धातूतली घाण ओढून घेते आणि वर तरंगून पांघरुणासारखी बसते, म्हणजे धातू सावकाश थंड होतो. लेपातले काही क्षार आर्क स्थिर ठेवतात. लेप तारेपेक्षा किंचित उशिरा वितळतो, त्यामुळे टोकाला एक छोटी वाटी तयार होते आणि थेंब नेमका पुढे ढकलला जातो. म्हणून डोक्यावरचं वेल्डिंग जमतं. आणि पुढच्या काळात लोकांना कळलं, की लेपातून मँगनीज, मॉलिब्डेनम, क्रोमियम असे धातूही वेल्डमध्ये घालता येतात. म्हणजे आतली तार तीच, लेप वेगळा, तर वेल्ड वेगळा!

शेलबेरी हे करत होते त्याच काळात अटलांटिकच्या पलीकडे बॉयलरचा दुसरा धडा लिहिला जात होता. २० मार्च १९०५ रोजी अमेरिकेत ब्रॉक्टन गावातल्या एका बुटांच्या कारखान्याचा बॉयलर फुटला. इमारत कोसळली, आग लागली आणि ५८ माणसं गेली. अशा अपघातांनंतर सरकारी नियम आले, आणि मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने, म्हणजे आपण ज्याला एएसएमई म्हणतो तिने, १९११ मध्ये समिती नेमून बॉयलरची संहिता तयार केली. ती १९१४ साली पूर्ण झाली. आपल्याकडे बॉयलरचा कायदा १९२३ चा, त्याखालची आयबीआर म्हणजे नियमावली १९५० ची. २०२५ मध्ये त्या जुन्या कायद्याच्या जागी नवा बॉयलर कायदा आला. परीक्षेसाठी आपण कोड पाठ करतो तेव्हा तो कोरडा वाटतो. पण त्यातल्या कितीतरी कलमांमागे कुठे ना कुठे माणसं मेलेली आहेत.

पहिल्या महायुद्धात जहाजं झपाट्याने बांधायची आणि दुरुस्त करायची गरज पडली आणि वेल्डिंगला एकदम मागणी आली. युद्धकाळातल्या वेल्डिंग समितीचे प्रमुख असलेले प्राध्यापक कम्फर्ट अ‍ॅडम्स यांनी १९१९ मध्ये अमेरिकन वेल्डिंग सोसायटी स्थापन केली. रॉडचे आजचे नंबर पुढे त्याच संस्थेकडून आले. १९२० मध्ये इंग्लंडमध्ये फुलागार नावाचं सागरी जहाज एकही रिव्हेट न वापरता बांधलं गेलं. त्याच सुमारास शेलबेरींच्या कंपनीनेही गोथेनबर्गला एसाब-४ नावाची पूर्ण वेल्ड केलेली बोट बांधली, स्वीडनमधली तशी पहिली. जो माणूस गळके सांधे बुजवायला निघाला होता, त्याच्या रॉडने आता सबंध बोटच उभी राहिली. १९२२ मध्ये जर्मनीतल्या फिन्स्टरवाल्डे इथे त्यांच्या नावाचा कारखाना निघाला. त्यांच्या नावाची कंपनी तिथे पुढे शंभरी ओलांडून गेली.

हे वाचताना मला सारखी आमची दुर्गाडी आठवत होती. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर याच खाडीत आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात झाली. लाकूड, खिळे आणि फटी बुजवायचं कौशल्य. सांध्यातून पाणी येऊ नये ही धडपड सगळ्या खाड्यांवर एकच. मामांच्या गाळ्यातून पुलाच्या दिशेने बघितलं की आता हे डोक्यात येतंच.

ऑस्कर शेलबेरी १९३१ च्या जुलैमध्ये वारले. वय ६०. त्यांच्या मागे त्यांचा रॉड जगभर गेला आणि एक नवीनच अडचण उभी राहिली.

*

अडचण अशी. एक माणूस एका लगद्यात तार बुडवत होता तोवर ठीक होतं. आता प्रत्येक कारखान्याचा लेप वेगळा, नाव वेगळं, दावा वेगळा. घेणाऱ्याला कळणार कसं? म्हणून अमेरिकेत १९४० मध्ये वेल्डिंग सोसायटी आणि एएसटीएम यांनी मिळून लेपवाल्या इलेक्ट्रोडचं पहिलं मानक काढलं. तिथून आपले ओळखीचे आकडे आले. ई म्हणजे इलेक्ट्रोड. ई ७०१८ मधले ७० म्हणजे वेल्ड धातूची ताणशक्ती किमान ७० हजार पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे ४८० मेगापास्कल. त्यापुढचा १ म्हणजे सगळ्या पोझिशनमध्ये चालतो. शेवटचा ८ हा लेपाची जात सांगतो : कमी हायड्रोजनचा, लोहचूर्ण मिसळलेला. आमचा तेरा नंबर म्हणजे ई ६०१३. ताकद ६० हजार, लेप रुटाइलचा.

आपलं भारतीय मानक आयएस ८१४ तर लेपाचं नाव पहिल्याच अक्षरांत सांगतं. ईआर ४२११ असं लिहिलेलं असेल तर ई म्हणजे लेप दाबयंत्रातून चढवलेला आणि आर म्हणजे रुटाइल. आरच्या जागी बी आला तर बेसिक, सी आला तर सेल्युलोजचा. पहिला आकडा ताकदीचा. ४ असेल तर ४१० ते ५१० मेगापास्कल, ५ असेल तर ५१० ते ६१०. मग लांबण आणि आघात, मग पोझिशन, मग करंट. शेवटी एच आलं तर हायड्रोजन मोजून आवरलेला आहे. पुढच्या वेळी वर्कशॉपमध्ये पुडा फेकण्याआधी वाचून बघा. सगळं लिहिलेलं असतं.

१९४१ मध्ये एएसएमईच्या संहितेचा नववा भाग आला. पी-नंबर आणि एफ-नंबर आपण ज्यातून शिकतो तोच हा. हे नंबर कशासाठी आहेत ते मी ओरलमध्ये बरोबर सांगितलं होतं, पण समजलं मात्र नंतर. जगात पोलादाच्या शेकडो जाती आहेत आणि रॉडच्याही शेकडो. प्रत्येक जोडीसाठी वेगळा नमुना वेल्ड करायचा, वाकवायचा, ओढून तोडायचा म्हटलं तर कारखान्यात दुसरं कामच होणार नाही. म्हणून सारख्या वागणाऱ्या धातूंचे गट केले. साधं कार्बन पोलाद पी-नंबर १. थोडं क्रोमियम-मॉलिब्डेनम असलेलं, पॉवर प्लांटच्या पाइपात लागतं ते, ४ आणि ५ मध्ये. आपलं नेहमीचं ३०४, ३१६ स्टेनलेस ८ मध्ये. अ‍ॅल्युमिनियम २१ पासून, तांबं ३१ पासून, निकेल ४१ पासून, टायटॅनियम ५१ पासून. गटातल्या एका धातूवर पद्धत पास झाली की बहुतेक वेळा गटातल्या बाकीच्यांना पुन्हा चाचणी लागत नाही. आघाताची चाचणी आवश्यक असेल तिथे मात्र आत अजून छोटे गट बघावे लागतात.

रॉडचा एफ-नंबर तर अजून मजेदार आहे. त्यात रॉड किती ताकदीचा हे विचारतच नाहीत. रॉड हातात कसा चालतो हे विचारतात. आडवं, भरपूर भर घालणारे एफ-१. आमचा १३ आणि त्याचे भाऊ १२, १४ हे एफ-२. सेल्युलोजवाले १० आणि ११, पाइपलाइनचे लाडके, एफ-३. कमी हायड्रोजनवाले १५, १६, १८ हे एफ-४. म्हणजे ही वर्गवारी मुख्यतः लेपाची आहे, वेल्डरच्या मनगटाची आहे. शेलबेरींच्या लगद्याचीच वंशावळ म्हणा ना! आणि वेल्डमध्ये शेवटी कुठलं रसायन उतरलं यासाठी तिसरा, ए-नंबर.

आता मी कुठे चुकलो ते बघा. संहिता स्वतःच बजावून ठेवते, की गट एक आहे म्हणून डोळे मिटून एक धातू काढून दुसरा घालू नका. धातुशास्त्र, उष्णतोपचार, काम कुठलं, हे सगळं बघा. नंबर चाचण्या वाचवतो, विचार वाचवत नाही. आणि माझ्या सळईला तर नंबरच नव्हता. भंगारातल्या गोल सळईचं टेस्ट सर्टिफिकेट कोण देणार? ज्या धातूची नोंद नाही त्याची पद्धत वेगळी तपासून पास करावी लागते. मी मात्र मनातल्या मनात तिला पी-नंबर १ देऊन मोकळा झालो होतो.

हिशोबही करून पाहिला. कार्बन इक्विव्हॅलंट म्हणजे कार्बन, अधिक मँगनीज भागिले सहा, अधिक बाकीच्या धातूंचे वाटे. बांधकामाचं पोलाद आयएस २०६२ ई २५० घ्या, त्याला कमाल ०.४२ ची मर्यादा आहे. ईएन-८ मध्ये कार्बन ०.४० आणि मँगनीज ०.८० धरलं तर हा आकडा ०.५३ च्या वर जातो. अशी सळई थंड असताना वेल्ड केली की सांध्याशेजारचा भाग झटकन थंड होऊन काचेसारखा कडक होतो. त्यात रुटाइलचा रॉड, तोही पावसात खिडकीशी उघडा पडलेला. लेपातल्या ओलाव्यातून हायड्रोजन सुटतो, वितळलेल्या धातूत शिरतो आणि हळूहळू त्या कडक भागात सरकतो. भेग लगेच पडत नाही. काही तासांनी पडते, कधी एक-दोन दिवसांनी. म्हणूनच वेल्ड सुरेख दिसला, स्लॅग छान सुटला, आणि सळई दुसऱ्या दिवशी कडेने गेली. तेरा नंबरचा रॉड वाईट नाही. ग्रिलसाठी तो उत्तमच. मी त्याला नको त्या कामाला लावला.

अशी चूक फक्त कोनमधल्या भाच्याच्या हातून होते असंही नाही. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला स्केनेक्टडी नावाचं नवंकोरं वेल्ड केलेलं तेलवाहू जहाज उभं होतं. वादळ नाही, लाट नाही. उभ्या उभ्या प्रचंड आवाज झाला आणि जहाज मधोमध दुभंगलं. काही वेल्ड सदोष होते, काही कोपऱ्यांवर ताण साठत होता. पण मोठा धडा धातूचा होता. तसं पोलाद थंडीत, खाचेपाशी, ठिसूळ होत होतं. रिव्हेटच्या जहाजात भेग निदान पत्र्याच्या कडेला अडते. वेल्ड केलेल्या जहाजात सगळे पत्रे एक झालेले, भेग धावत सुटते. धातूची ताकद बघितली होती, त्याचा स्वभाव बघितला नव्हता.

*

शेलबेरींबद्दल वाचताना मला सगळ्यात जास्त काय भावलं सांगू? त्यांच्या हातात कोड नव्हता, नंबर नव्हता. त्यांच्यापुढे एक गळका सांधा होता आणि त्यांनी तो का गळतो हे विचारलं. नंबर नंतर आले. आपल्याला नंबर आधी मिळतात, सेमिस्टरच्या पहिल्याच महिन्यात, नोट्समध्ये, आणि मग सांध्याकडे बघायची गरजच वाटत नाही.

दिवाळीत मी परत कोनला गेलो. मामांच्या गाळ्यात आम्ही दोघांनी मिळून भंगाराचे दोन ढीग केले. एम.एस. म्हणून खात्री असलेला एक, आणि ज्याचं कुळ माहीत नाही तो दुसरा, टोकाला लाल रंग मारलेला. लाल टोकाची सळई उचलायच्या कामाला लावायची नाही, बस. ग्रिलला, खुंटीला काय ती वापरा. ग्राइंडरशेजारी एम.एस. आणि ईएन-८ चे तुकडे टांगून ठेवले आहेत, ठिणग्या शेजारी शेजारी बघायला. रॉडसाठी पत्र्याची पेटी केली, आत बल्ब. साध्या रॉडला पावसाळ्यात तेवढं पुरतं. पण ७०१८ ला ते पुरत नाही. त्याला भट्टीत अडीचशे ते साडेतीनशे अंशांवर तापवून गरमागरमच वापरावं लागतं, कंपनी पुड्यावर जे सांगेल त्याप्रमाणे. ती छोटी भट्टी मामांनी सेकंडहँड घेतली. शाफ्टचं काम आलं की आता आधी सळई दोनशे अंशांच्या आसपास तापवतात, वेल्ड झाल्यावर कोरड्या चुन्यात पुरून ठेवतात आणि गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगतात. गिऱ्हाईक कुरकुरतं. मामा ऐकत नाहीत.

मी त्यांना खोक्यावरच्या त्या दोन अक्षरांचा खरा अर्थ सांगितला. जहाजावरचा बॉयलरवाला होता, हे ऐकून त्यांना विशेष आनंद झाला. आपल्यातलाच निघाला, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. खोका अजून फळीवरच आहे, आत खडू आणि स्क्राइबर.

त्या सायझिंगवर मी परत गेलो होतो. तो माणूस भेटला, ज्याचा पाय वीतभराने वाचला होता. त्याने मला ओळखलंच नाही. चहा पाजला आणि कामाला लागला. नव्या फ्रेमची सळई मी वाकून नीट बघितली, वेल्डची कड बोटाने चाचपली. आता मला कुणी ओरलला ई ७०१८ विचारलं तर उत्तर तेच देईन. फक्त त्याआधी विचारीन, सर, कुठल्या धातूवर मारायचा आहे?

(एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, यांत्रिकी अभियांत्रिकी)